शब्दाची व्युत्पत्ती आणि वस्त्राची वंशावळ : सायप्रसच्या स्त्रीवेषाच्या अभ्यासातील एक गृहीतकृत्य

१

लोकवेषाच्या अभ्यासात जो प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, तो पुष्कळदा सर्वांत शेवटी विचारावयास हवा असतो. ‘हे वस्त्र मुळात कोणाचे?’ हा तो प्रश्न होय. भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकास असलेल्या सायप्रस बेटावरील स्त्रियांच्या पारंपरिक वेषाविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्याच्या मोठ्या भागावर या प्रश्नाची छाया पडलेली दिसते. एखाद्या अंगरख्याचा कट बायझंटिन ठरवावयाचा, जाळीदार भरतकाम व्हेनिसकडून आले असे म्हणावयाचे, जाकिटावरील कलाबतूची नक्षी तुर्कांची म्हणून बाजूस सारावयाची किंवा, उलट पक्षी, सारेच काही तुर्की असल्याचे प्रतिपादन करावयाचे, अशी ही रीत आहे. या रीतीत वस्त्रापेक्षा वस्त्राच्या पूर्वजांनाच अधिक महत्त्व येते. आणि पूर्वज शोधण्याचे साधन म्हणून बहुधा वस्त्राचे नाव पुढे केले जाते. नावाची व्युत्पत्ती लागली की वस्त्राची वंशावळ लागली, असे हे गृहीतकृत्य आहे.

हे गृहीतकृत्य भाषाशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकते, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण ते भाषेच्याच पुराव्यावर उभे आहे, आणि तो पुरावा नेमका कशाचा आहे याची तपासणी मात्र क्वचितच केली जाते.

२

विवेचनाच्या सोयीसाठी बेटाच्या इतिहासाची चौकट प्रथम ध्यानात घ्यावी लागेल. बायझंटिन सत्तेनंतर ११९२ पासून १४८९ पर्यंत सायप्रसवर लुसिन्यां या फ्रेंच घराण्याचे राज्य होते. १४८९ ते १५७१ अशी ८२ वर्षे बेट व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या ताब्यात राहिले. १५७१ पासून १८७८ पर्यंत, म्हणजे ३०७ वर्षे, तेथे ऑटोमन अंमल होता. १८७८ मध्ये कारभार ब्रिटिशांकडे गेला. १९१४ मध्ये त्यांनी बेट आपल्या राज्यास जोडले, १९२५ मध्ये त्याला वसाहतीचा दर्जा दिला, आणि १९६० मध्ये सायप्रसचे प्रजासत्ताक स्वतंत्र झाले. १९७४ पासून बेटाचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडले आहेत.

जो स्त्रीवेष आज ‘पारंपरिक’ म्हणून ओळखला जातो, तो प्राधान्याने अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहे. त्याचे ग्रामीण व नागर असे दोन मुख्य प्रकार पडतात. ग्रामीण वेषातील सर्वांत जुने वस्त्र म्हणजे ‘सायिया’. हा पायघोळ अंगरखा समोरून संपूर्ण उघडा असतो आणि कमरेखाली दोन्ही बाजूंस चिरलेला असतो. त्यामुळे त्याच्या खालच्या घेराचे तीन सुटे पट्टे होतात : पुढे दोन व मागे एक. आत ‘पुकामिसो’ हा लांब सदरा आणि घोट्यापाशी आवळलेली विजार घालीत. चालताना पट्टे हलत, आणि विजारीच्या खालच्या कडेची वीण किंवा भरतकाम दृष्टीस पडे. नक्षी जेथे दिसावयाची तेथेच ती केलेली असे. झाकल्या जाणाऱ्या भागावर श्रम खर्च होत नसत. एकोणिसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी सायिया मागे पडली. ईशान्येकडील कार्पासियाच्या चिंचोळ्या द्वीपकल्पात मात्र ती विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत टिकून होती.

तिची जागा ‘फुस्तानी’ने घेतली. फुस्तानी म्हणजे कमरेशी चुण्या घालून जोडलेला, चोळी व घागरा एकत्र असलेला झगा. रोजच्या वापरातील फुस्तानी ‘अलाजा’ नावाच्या सुती कापडाची असे. या कापडावर तांबड्या, निळ्या, पिवळ्या, हिरव्या रंगांच्या उभ्या रेघा किंवा चौकडे असत. सणावारी रेशमाची फुस्तानी घालीत. डोक्यास ठशांनी छापलेला रुमाल बांधीत, आणि त्याच्या कडेला सुईने विणलेली ‘पिपिल्ला’ नावाची बारीक जाळी लावीत.

शहरातील सुखवस्तू स्त्रीच्या वेषात या झग्यावर ‘सार्का’ चढे. सार्का हे आखूड, अंगाबरोबर बसणारे, छातीशी खोल उघडे असलेले जाकीट होय. त्याच्या लांब बाह्यांवर व कडांवर कलाबतूची नक्षी असे, आणि उघड्या भागातून आतील रेशमी सदऱ्याची जाळी दिसे. डोक्यावर लहान फेज टोपी ठेवून तिच्याभोवती रुमाल गुंडाळीत.

या वेषाची नोंद तुलनेने उशिरा झाली. ब्रिटिश अंमल सुरू झाल्यावर काही महिन्यांतच, १८७८ च्या शरदऋतूत, जॉन थॉमसन या छायाचित्रकाराने बेटाचा प्रवास केला. त्याची छायाचित्रे पुढील वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि त्यांत स्थानिक स्त्रीच्या वेषाचेही दर्शन घडते. १९१३ मध्ये मॅग्डा ओनेफाल्श-रिख्टर या जर्मन विदुषीने सायप्रसच्या ग्रीक समाजाच्या चालीरीतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अलीकडच्या काळात एफ्रोसिनी रिझोपूलू-एगुमेनीदू यांनी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील नागर वेषाचा अभ्यास केला आहे. जुन्या स्त्रीधनाच्या याद्या हे या विषयाचे एक विशेष मोलाचे साधन आहे. प्रवाशाला जे दिसले ते त्याने लिहिले. यादीत मात्र जे प्रत्यक्ष पेटीत होते ते नोंदले गेले.

३

आता मूळ गृहीतकृत्याकडे वळता येईल. प्रथम सायियाचेच उदाहरण घ्यावे. या शब्दाचा संबंध एका मतानुसार लॅटिन ‘सागुम’ या शब्दाशी लागतो. सागुम म्हणजे लोकरीचा जाड लष्करी झगा. बायझंटिन ग्रीकमध्ये त्याचे ‘सागिओन’ झाले. ही व्युत्पत्ती ग्राह्य मानली, तर सायिया हे बायझंटियमचे अवशिष्ट वस्त्र ठरते, असा निष्कर्ष पुढे येतो. परंतु त्याच बेटावरील तुर्की भाषक स्त्रियाही समोर उघडा आणि बाजूंनी चिरलेला असाच पायघोळ अंगरखा घालीत, व त्याला ‘उच् एतेक’ म्हणत. या नावाचा अर्थ ‘तीन घेर’ किंवा ‘तीन सोगे’ असा आहे. एक नाव वस्त्राच्या घडणीचे सरळ वर्णन करते. दुसरे त्याच घडणीविषयी काहीच सांगत नाही आणि दूरच्या एका लष्करी झग्याची आठवण तेवढी जपते. वस्त्र पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी तीन पट्टे दिसतात. नावांवर विसंबणाऱ्याला मात्र दोन निराळ्या संस्कृती दिसतात.

या वस्त्राचा कट असा का, याचे एक उत्तर वंशावळीत नसून मागात आहे. सायप्रसच्या घरगुती मागावर, ज्याला तेथील ग्रीक बोलीत ‘वूफा’ म्हणतात, अरुंद पन्ह्याचे कापड निघते. अरुंद कापड वाया न घालवता अंगाला बसवावयाचे असेल, तर सरळ पट्टे जोडून, काखेत व घेरात तुकडे घालून, आणि जोडाच्या रेषांवर चिरा ठेवूनच वस्त्र बेतावे लागते. असे बेतणे अनातोलियात, लेव्हांटमध्ये व बाल्कन प्रदेशातही आढळते. मागाचा पन्हा आणि कापडाचा काटकसरीने उपयोग ही दोन कारणे ज्या घडणीस बऱ्याच अंशी पुरेशी आहेत, तेथे एका साम्राज्याचा वारसा हे तिसरे कारण आणण्यापूर्वी अधिक बळकट पुरावा हवा.

४

फुस्तानीचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. हा शब्द इटालियन ‘फुस्तान्यो’ या शब्दाशी निगडित आहे, आणि त्याच्या मुळाशी मध्ययुगीन लॅटिनमधील एका जाड कापडाचे नाव आहे. ते नाव कैरोनजीकच्या फुस्तात या नगराशी जोडण्याचा प्रघात आहे. तो सर्वमान्य मात्र नाही. ते काहीही असो, कापडाचे नाव कालांतराने वस्त्राचे झाले. ‘अलाजा’ हा दुसरा शब्द तुर्की ‘अलाजा’, म्हणजे रंगीबेरंगी, पट्ट्यापट्ट्यांचे, यावरून आला. तेव्हा सायप्रसमधील शेतकरी स्त्री ज्या झग्यात वावरत होती, त्याचे पूर्ण वर्णन शब्दार्थाने करावयाचे झाले, तर ‘रंगीबेरंगी पट्ट्यांच्या सुती कापडाचे केलेले फुस्तान्यो कापड’ असे विचित्र वर्णन करावे लागेल. पहिला शब्द ज्या कापडाचे नाव सांगतो, त्या कापडाचा तो झगा नाही. बोलणाऱ्या स्त्रीला या विसंगतीची जाणीव असण्याचे कारण नव्हते; कारण तिच्या दृष्टीने फुस्तानी हे एका आकाराचे नाव होते आणि अलाजा हे एका कापडाचे. व्युत्पत्ती ही शब्दाच्या भूतकाळाची माहिती होय. शब्दाचा अर्थ त्याच्या समकालीन व्यवस्थेतील स्थानावरून ठरतो. सोस्यूरनंतरच्या भाषाशास्त्राचा हा प्राथमिक पाठ वेषाच्या अभ्यासात मात्र सहज विसरला जातो.

हा मुद्दा मराठी वाचकाला त्याच्याच शब्दसंग्रहातून पडताळून पाहता येईल. ‘पुकामिसो’ या शब्दात उत्तरकालीन लॅटिनमधील ‘कामिसिया’ हा शब्द दडला आहे. तोच अरबीत ‘कमीस’ झाला, आणि त्याच वाटेने मराठीत खमीस व कमीज आले. सायप्रसमध्ये डोईच्या रुमालास ‘मांतिली’ म्हणतात. हा लॅटिनमधील हात पुसण्याच्या पंचाचा वाचक शब्द होय. तोच अरबी-फारसीच्या मार्गाने मराठीत ‘मंदील’ या रूपाने आला. रोममध्ये पंचा, सायप्रसमध्ये स्त्रीचा डोईरुमाल, आणि महाराष्ट्रात मानकऱ्याची जरीची पगडी, असा एकाच शब्दाचा प्रवास झाला. सायप्रसमध्ये कलाबतूचे काम करणाऱ्या शिंप्याला ‘तेर्झिस’ म्हणत. हा शब्द तुर्की ‘तेर्झी’वरून व तो फारसी ‘दर्जी’वरून आला, आणि दर्जी मराठीलाही परका नाही. नवरीचे कापडचोपड ज्या कोरीव पेटीत ठेवीत ती ‘सेंदूकी’ म्हणजे आपली संदूक होय. खुद्द ‘अलाजा’ हे नावही सतराव्या शतकात भारतातून बाहेर जाणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडांच्या व्यापारी नोंदींत वेगवेगळ्या रूपांनी आढळते.

या साम्यावरून मंदील हे रोमन शिरोभूषण आहे, असे कोणी म्हणणार नाही. तसे म्हणणे हास्यास्पद ठरेल. मग मांतिली हे रोमन किंवा सायिया हे बायझंटिन वस्त्र आहे असे म्हणताना तोच न्याय का लावला जाऊ नये? शब्द व वस्तू यांचे प्रवास कधी एकत्र होतात, कधी एक पुढे जातो व दुसरी मागे राहते. ते एकत्र झाले किंवा नाही, हे वस्तूच्या स्वतंत्र पुराव्यानेच सिद्ध व्हावयास हवे.

५

तर मग या शब्दांना पुरावा म्हणून काहीच मूल्य नाही काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. शब्द वस्त्राचे पूर्वज सांगत नसले, तरी ते वस्त्र कोणाच्या हातून व कोणत्या व्यवस्थेत तयार होत होते, याविषयी पुष्कळ सांगतात. या दिशेने पाहिल्यास सायप्रसच्या वस्त्रविषयक शब्दांत एक विभागणी दिसू लागते.

विणलेल्या किंवा भरलेल्या नक्षीला सायप्रसच्या ग्रीक बोलीत ‘प्लूमी’ (अनेकवचन ‘प्लूमिया’) म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘प्लूमा’, म्हणजे पीस, यापासून निघाला. लॅटिनमध्ये भरतकाम करणाऱ्याला ‘प्लूमारिउस’ अशी संज्ञा होती. पश्चिमेकडील पाफोस जिल्ह्यातील फीती या गावची कापडे या नक्षीसाठी प्रसिद्ध आहेत. पांढऱ्या सुती भूमीवर तांबडे, निळे, नारिंगी, पिवळे, हिरवे धागे हाताने गुंफून भौमितिक आकृती उठवलेल्या असतात. हे भरतकाम नव्हे. नक्षी मागावर, कापडाबरोबरच, आकारास येते. हे काम स्त्रियांचे, घरातले, आणि मुलीच्या लग्नाच्या तयारीचे. या क्षेत्रातील शब्द जुने आहेत आणि बोलीत खोल मुरलेले आहेत. उलट, सार्कावरील कलाबतूचे काम शहरातील दुकानात, मोबदला घेऊन, पुरुष कारागीर करीत, आणि त्या कारागिराचे नाव तुर्कीतून आलेले. ऑटोमन काळातील नगरांमधील व्यवसायांची परिभाषा ज्या भाषेत घडली, त्या भाषेचा ठसा या नावावर आहे.

तेव्हा प्लूमी हा शब्द जुना व तेर्झिस हा नवा, म्हणून पहिले काम ‘आपले’ व दुसरे ‘परके’, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. या दोन शब्दांतील अंतर दोन वंशांमधील अंतर नाही. ते घर व बाजार यांच्यातील, स्त्रीचे बिनमोबदल्याचे श्रम व पुरुषाचा धंदा यांच्यातील अंतर आहे. शब्दसंग्रहाची साक्ष श्रमविभागणीविषयी आहे. तिच्याकडून वंशाची साक्ष वदवून घेण्याचा हट्ट केल्यामुळे ती खोटी पडते.

६

या दृष्टीने लेफ्कारा येथील भरतकामाची परीक्षा करणे उद्बोधक होईल. लेफ्कारा या डोंगराळ गावातील पांढऱ्या कापडावरील जाळीदार भरतकाम ‘लेफ्कारितिका’ या नावाने जगभर ज्ञात आहे. धागे काढून घातलेली जाळी, कापून काढलेली नक्षी, भरीव टाके आणि सुईने विणलेली कड ही त्याची चार मुख्य अंगे होत. त्याचे पूर्वरूप ‘आस्प्रोप्लूमिया’, म्हणजे ‘पांढरी नक्षी’, हे होते, व ते घरच्या सुती कापडावर होई; पुढे बाहेरून आणलेले लिनन वापरात आले. नागमोडी त्रिकोणांच्या एका प्रसिद्ध आकृतीला तेथे ‘पोतामोस’, म्हणजे नदी, असे म्हणतात.

या भरतकामाशी एक दंतकथा निगडित आहे. लिओनार्दो दा व्हिंची १४८१ मध्ये सायप्रसला आला व मिलानच्या महामंदिरातील वेदीसाठी त्याने लेफ्काराचे एक कापड नेले, अशी ती कथा. तिला विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. परंतु कथा खोटी आहे एवढे म्हणून टीकाकाराचे काम संपत नाही. ती कशासाठी सांगितली जाते हे पाहावयास हवे. शेकडो अनाम स्त्रियांच्या हातच्या कामाला एका परदेशी, पुरुष, सुप्रसिद्ध ग्राहकाच्या पसंतीवाचून प्रतिष्ठा मिळत नाही, असे या कथेचे मूक गृहीत आहे. पूर्वज शोधण्याचीच ही दुसरी तऱ्हा; येथे पूर्वजाऐवजी ग्राहक शोधला गेला, एवढेच.

२००९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत या कलेचा समावेश केला. त्या वेळच्या संक्षिप्त वर्णनात ही परंपरा निदान चौदाव्या शतकापासूनची असल्याचे म्हटले असून, तिच्यावरील प्रभावांची गणना अशी केली आहे : स्थानिक कारागिरी, १४८९ पासून राज्य करणाऱ्या व्हेनिशियन दरबारी मंडळींचे भरतकाम, आणि प्राचीन ग्रीक व बायझंटिन भौमितिक आकृती. व्हेनिसची ८२ वर्षे या गणनेत आहेत. ऑटोमन अंमलाची ३०७ वर्षे नाहीत. त्या तीन शतकांत लेफ्काराच्या सुया थांबून होत्या, असे कोणीही म्हणणार नाही. सूचीसाठीचे वर्णन हे संशोधन नव्हे, हे खरे; त्याच्याकडून शोधनिबंधाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तथापि जे संक्षेपात वगळले जाते, ते पुढील पुस्तिकांत, सूचिपत्रांत व पाठ्यपुस्तकांत कायमचेच वगळले जाते. याला आणखी एक वस्तुस्थिती जोडली पाहिजे. लेफ्कारा हे मिश्र वस्तीचे गाव होते, आणि तुर्की भाषक स्त्रियाही हे काम करीत. ते आजही उत्तर भागात ‘लेफ्कारा इशी’, म्हणजे ‘लेफ्काराचे काम’, या नावाने केले जाते. नावातच गावाची नोंद आहे. तिला वेगळ्या दाखल्याची आवश्यकता नाही.

येथेही शब्द अधिक खोलवर जाऊन बोलतात. भरतकाम करणारी स्त्री ही ‘प्लूमारिसा’. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे काम घेऊन युरोपातील देशोदेशी हिंडणाऱ्या लेफ्काराच्या पुरुष व्यापाऱ्यांना ‘केंदितारिदेस’ म्हणत. हा दुसरा शब्द भरतकाम करणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून साधलेला आहे. भरतकामाच्या धातूवरून ज्याला नाव मिळाले तो भरतकाम करीत नव्हता, विकत होता. आणि जी करीत होती तिचे नाव गावाबाहेर फारसे गेले नाही. लेफ्कारितिकाच्या इतिहासातील ही विषमता लिओनार्दोच्या कथेपेक्षा अधिक विचारार्ह आहे, आणि तिच्यासाठी कोणत्याही दंतकथेची गरज पडत नाही.

७

वंशावळीची पद्धती बाजूस ठेवली, तर तिच्या जागी काय यावे? येथे प्राग संप्रदायाचे कार्य मार्गदर्शक ठरते. प्योत्र बोगातिर्योव याने १९३७ मध्ये मोराव्हियन स्लोव्हाकियातील लोकवेषाच्या कार्यांवर ग्रंथ लिहिला. वेष एकाच वेळी व्यावहारिक, सौंदर्यविषयक, विधिविषयक, प्रादेशिक व सामाजिक अशी अनेक कार्ये पार पाडतो, आणि प्रसंगानुसार त्यांतील प्राधान्य बदलते, असे त्याने दाखवले. त्रुबेत्स्कॉय याने आपल्या वर्णविचाराच्या ग्रंथात, १९३९ मध्ये, या तुलनेचा उल्लेख केला आहे. पुढे १९६७ मध्ये रोलां बार्थ याने फॅशनच्या लिखित वर्णनांना हीच दृष्टी लावली.

सायप्रसच्या वेषाला ही दृष्टी लावल्यास प्रश्नच बदलतात. सायिया कोठून आली, याऐवजी फुस्तानी रूढ झाल्यावर सायिया घालण्याचा अर्थ काय झाला, हा प्रश्न पुढे येतो. जेव्हा दोन्ही वस्त्रे शेजारी होती, तेव्हा त्यांतील निवड वय, गाव वा स्थिती दर्शवीत होती. फुस्तानी नसताना तीच सायिया यांपैकी काहीही दर्शवीत नव्हती. त्याचप्रमाणे नागर वेषाचे. एकोणिसाव्या शतकात सार्का, झगा व फेज हा संच ग्रीसच्या आमालिया राणीच्या वेषाशी जवळचा झाला आणि त्यातून ग्रीक राष्ट्राशी असलेली जवळीक सूचित होऊ लागली. ही आमालिया मूळची ओल्डनबुर्गच्या जर्मन घराण्यातील राजकन्या. १८३६ मध्ये ती राजा ओथॉनची पत्नी झाली, आणि १८६२ पर्यंत त्या सिंहासनाची राणी होती. तिच्या नावाचा वेष हा स्थानिक वस्त्रे व तत्कालीन युरोपीय शिवण यांच्या संयोगातून घडलेला दरबारी वेष होता. वंशावळीच्या कसोटीने तो अत्यंत ‘अशुद्ध’. परंतु कार्याच्या दृष्टीने पाहता त्याहून अधिक स्पष्ट राष्ट्रीय वेष सापडणे कठीण. मूळ व अर्थ या दोहोंची गल्लत केल्यास या वेषाचा उलगडाच होणार नाही.

मात्र वेष ही भाषा आहे, हे रूपक कोठपर्यंत ताणावे यालाही मर्यादा आहे. भाषेची जी दुहेरी संघटना, म्हणजे अर्थवाही घटक व त्यांखालचे निरर्थक ध्वनिघटक, ती वेषात नाही. अलाजाच्या तांबड्या रेघेस वर्णाचे मूल्य देणे हा उत्साहाचा अतिरेक होईल. शिवाय भाषेतील चिन्ह यादृच्छिक असते. वस्त्र तसे नसते. त्याला मागाचा पन्हा, हवामान, रंगद्रव्य आणि पैसा यांची बंधने असतात. मंजिष्ठेचे पीक हे सायप्रसच्या निर्यातीतील एक जुने पीक होते. १८६९ पासून कृत्रिम अलिझारीन बाजारात आले, आणि भूमध्य प्रदेशातील मंजिष्ठेची शेती काही वर्षांत कोसळली. तांबडी रेघ राहिली, पण तिच्यामागचे शेत गेले. एखाद्या शब्दाचा उच्चार बदलण्याने कोणाचे शेत बुडत नाही. वस्त्राचा अभ्यास भाषाशास्त्रापासून पद्धती घेऊ शकतो. परंतु अर्थशास्त्र व तंत्रविद्या यांना तो सोडून देऊ शकत नाही.

८

हा वाद केवळ पद्धतीचा असता, तर तो विद्वानांच्या बैठकीपुरता राहिला असता. सायप्रसच्या बाबतीत तो तसा नाही. कार्पासिया व लापिथोस ही वस्त्रकलेची दोन मोठी केंद्रे १९७४ पासून बेटाच्या उत्तर भागात आहेत. तेथील बहुतेक ग्रीक भाषक स्त्रिया दक्षिणेत विस्थापित झाल्या. त्याचप्रमाणे १९६३ ते १९७५ या काळात दक्षिणेतील गावांचे तुर्की भाषक उत्तरेकडे गेले. गाव गेले, परंतु कापडाचे नाव राहिले. लापिथोसचे रेशीमकाम लापिथोसबाहेर होऊ लागले, आणि लेफ्काराचे काम लेफ्काराबाहेर. २००३ मध्ये सीमारेषेवरील ये-जा खुली झाली. तोवर एक पिढी उलटून गेली होती.

अशा परिस्थितीत संग्रहालयातील पट्टिकेवर ‘बायझंटिन’, ‘व्हेनिशियन’ किंवा ‘ऑटोमन’ असा एकच शब्द लिहिणे निरुपद्रवी राहत नाही. तो शब्द वस्त्राला एका बाजूकडे देऊन टाकतो. आणि त्या शब्दासाठी जागा करताना पट्टिकेवरून जे निघून जाते, ते म्हणजे विणणाऱ्या स्त्रियांची स्वतःची परिभाषा : कोणत्या आकृतीला ‘नदी’ म्हणत, कोणत्या रेघेला काय म्हणत, कोणती नक्षी कोणत्या कापडावर चालत नसे, कोणती मोडून नवी केली जाई. ही परिभाषा बोलीची आहे, बहुतांशी अलिखित आहे, आणि ज्यांच्या ओठी ती पूर्णत्वाने होती त्या स्त्रियांची संख्या वर्षागणिक घटत आहे. कापड पेटीत शंभर वर्षे टिकते. त्याचे नाव सांगणारे माणूस तेवढे टिकत नाही.

सायप्रसच्या बोलीला बाह्य संपर्काचा इतिहास नवा नाही. पंधराव्या शतकातील बखरकार लेओंतिओस माखेरास यानेही फ्रँक राजवटीत ग्रीक भाषा बिघडल्याची खंत नोंदवली आहे. गंमत अशी की, ज्या मिश्र बोलीत त्याने ही खंत व्यक्त केली, तीच आज सायप्रसच्या मध्ययुगीन भाषेचा सर्वांत मौल्यवान ठेवा मानली जाते. वस्त्रांच्या बाबतीतही शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तात्पर्य, व्युत्पत्तीस तिचे योग्य स्थान द्यावयाचे, तर तीन गोष्टी कराव्या लागतील. वस्त्राची घडण मागाच्या, कापडाच्या व शिवणीच्या पुराव्यावरून स्वतंत्रपणे ठरवावी. शब्दांची साक्ष प्रथम श्रमाच्या व संपर्काच्या इतिहासासाठी घ्यावी, आणि वंशासाठी घ्यावयाची असल्यास अखेरीस व सावधपणे घ्यावी. आणि दोन्ही भाषांतील कारागीर स्त्रियांची परिभाषा एकाच कोशात, शेजारी शेजारी, नोंदवावी. सायिया आणि उच् एतेक ही दोन नावे अशा कोशात एका आकृतीखाली आली, तर ‘हे वस्त्र मुळात कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर मिळेलच असे नाही. ते कोणी विणले, कोणी शिवले व कोणी अंगावर घातले, हे मात्र तेथे स्पष्ट दिसेल. आणि वेषाच्या अभ्यासाचा खरा विषय तोच आहे.